कानामागची सूज उतरली, पण औषध बंद करायची वेळ अजून आलेली नाही

पत्र:

"नमस्कार डॉक्टर, आम्ही पिंपळगाव बसवंतजवळ मळ्यात राहतो. मोठी मुलगी चार वर्षांची आणि धाकटा आठ महिन्यांचा. दिवाळीनंतर मोठीला सर्दी झाली आणि एका रात्री कान दुखतो म्हणून खूप रडली. गावातल्या डॉक्टरांनी सात दिवसांचं औषध दिलं, पण तिसऱ्याच दिवशी दुखायचं थांबलं, ताप पण गेला, म्हणून आम्ही बंद केलं. बागेत थिनिंग, म्हणजे विरळणीचं काम, चालू होतं, लक्षच राहिलं नाही. मग आठ-दहा दिवसांनी परत ताप आला आणि कानामागे सूज. सासूबाई म्हणाल्या गालगुंड असेल, त्यांनी आंबेहळदीचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना बघते तर एक कान पुढे आलेला. लगेच नाशिकला नेलं, तिथे ॲडमिट केलं. मास्टॉइडायटिस झालाय, कानामागच्या हाडात पू आहे म्हणाले. सलाईनमधून इंजेक्शनं दिली, भूल देऊन कानाच्या पडद्याला छेद घेऊन छोटी नळी बसवली. सहा दिवसांनी घरी सोडलं आणि १४ दिवसांचं पातळ औषध दिलं. आज त्याचा सहावा दिवस. सूज गेली, खेळते, खाते. पण औषधाने जुलाब होतात. ह्यांचं म्हणणं, पोरगी ठणठणीत आहे, कशाला एवढी गरम औषधं पाजायची, आणि कामाचे दिवस आहेत तर दाखवायला परत नाशिकला जायची घाई नको. मला भीती वाटते. ती टीव्हीचा आवाज पण मोठा करते. हाडाचं ऑपरेशन लागू शकतं असं आधी म्हणाले होते, ते अजून बाकी आहे का? सीटी स्कॅन केला नाही, चालेल का? आमचीच चूक झाली का? धाकट्याला पण सर्दी आहे. आणि आमच्या सासऱ्यांचा कान लहानपणापासून वाहतो, हे घराण्यात आहे का?"

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी पहिलं उत्तर देते म्हणजे बाकीचं सावकाश वाचता येईल. औषध बंद करू नका. चौदा दिवसांचं दिलंय ना, मग चौदा दिवस पूर्ण, आणि बोलावलेल्या तारखेला नाशिकला जायचं म्हणजे जायचं, मुलगी कितीही नाचत-बागडत असली तरी.

आणि आज सहावा दिवस म्हणताय तर हे वाचून झालं की उठून आधी बाटली बघा. पावडरमध्ये पाणी घालून बनवायचं औषध असेल तर त्यातली बरीचशी औषधं एकदा बनवली की सातेक दिवसच चांगली राहतात, तीही फ्रिजमध्ये ठेवली तर. म्हणजे चौदा दिवसांच्या कोर्सला दुसरी बाटली लागणारच, आणि मी बघते की खूप घरांमध्ये पहिली बाटली संपली की कोर्स संपला असंच समजलं जातं, कोणी मुद्दाम नाही करत, बाटली रिकामी झाली म्हणजे झालं असं वाटतं. तर बाटलीवर किंवा खोक्यावर किती दिवसांत संपवायचं ते लिहिलेलं असतं, नाही समजलं तर मेडिकलवाल्याला दाखवून विचारा. घरातल्या चमच्याने देत असाल तर तेही थांबवा, सोबत आलेल्या मापाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने द्या, आपल्या चमच्यांचं माप प्रत्येक घरात वेगळं.

जुलाबाचं म्हणाल तर दिवसातून दोन-तीनदा पातळ होणं हे या औषधांनी बऱ्याच मुलांना होतं. जेवणाच्या सुरुवातीला औषध द्या, पेज, ताक, वरणभात, ओआरएस चालू ठेवा. पण शीमध्ये रक्त दिसलं, पाण्यासारखे खूप जुलाब झाले, लघवी कमी झाली किंवा अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी ज्यांनी ॲडमिट केलं होतं त्या डॉक्टरांना फोन करा, ते औषध बदलून देतील. बदलून घेणं वेगळं आणि आपल्या मनाने बंद करणं वेगळं, एवढं मिस्टरांना सांगा.

आता त्यांना पटेल असं कारण पण सांगते, कारण नुसतं "डॉक्टरने सांगितलंय" म्हणून कोणी ऐकत नाही आणि ते बरोबरच आहे, समजलं पाहिजे.

तुमच्या स्वतःच्या कानामागे बोट ठेवा, पाळीच्या मागे खाली जो कडक उंचवटा लागतो ना तेच हे हाड, मास्टॉइड. बाहेरून दगडासारखं लागतं पण आतून भरीव नाही. दिवाळीत जाळी पडलेला अनारसा मोडून बघितलाय ना, तसं आत छोटे छोटे कप्पे असतात, एकमेकांना जोडलेले आणि हवेने भरलेले. आणि हे सगळे कप्पे पुढच्या बाजूला एका छोट्या वाटेने कानाच्या पडद्यामागच्या पोकळीला जोडलेले असतात. त्या पोकळीतून पुढे एक नळी निघते ती थेट नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. म्हणजे नाक, कान आणि कानामागचं हाड हा आतून एकच सलग रस्ता आहे. लहान मुलांमध्ये ती नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दी झाली की जंतू पटकन कानात चढतात, सर्दीने नळीचं तोंड सुजतं, आत पाणी साठतं, त्याचा पू होतो, पडद्यावर दाब येतो आणि पोरं रात्री कळवळून उठतात. तुमच्या मुलीचं त्या पहिल्या रात्री हेच झालं.

पडद्यामागे पू झाला की थोडाफार त्या कप्प्यांमध्ये पण जातोच, कारण वाट उघडी असते, आणि बहुतेक मुलांमध्ये कान बरा झाला की तोही ओसरतो, कोणाला कळत पण नाही. त्रास कधी होतो, तर ती छोटी वाट सुजून बंद पडते तेव्हा. आता पू आतल्या आत कोंडला. दाबाने कप्प्यांच्या पातळ भिंतींचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यातलं कॅल्शियम जायला लागतं, भिंती विरघळतात आणि दहा छोट्या कप्प्यांचा मिळून एक मोठा पूभरला कप्पा होतो. मग तो पू बाहेरचं हाड पोखरून कातडीखाली येतो. तुम्ही वेणी घालताना जे बघितलंत, तो कान पुढे ढकललेला, ते याच पुवामुळे.

म्हणून दुखणं थांबलं याचा अर्थ पू गेला असा नाही लागत. अर्धवट औषधाने जंतूंचा जोर कमी होतो, ताप उतरतो, दुखणं थांबतं, पण हाडाच्या कप्प्यांत काम चालूच राहू शकतं, बाहेर काहीच न दाखवता. सुजलेल्या, पू भरलेल्या हाडात रक्त कमी पोचतं आणि औषध रक्तातूनच जातं, त्यामुळे साध्या कानदुखीला जेवढे दिवस पुरतात तेवढे इथे पुरत नाहीत. सुरुवातीला शिरेतून मोठा डोस आणि मग तोंडाने, असं सगळं मिळून दोन ते चार आठवडे औषध चालतं. तुमच्या मुलीचे सहा आणि चौदा मिळून वीस दिवस होतात, म्हणजे जास्त काही दिलेलं नाही. आणि "गरम" म्हणून जे आपण घाबरतो त्यापेक्षा तो पू परत भरणं हजारपट वाईट आहे.

किती वाईट तेही सांगते, घाबरवायला नाही, पण मिस्टरांना हे माहीत असायलाच पाहिजे. या हाडाच्या वरच्या बाजूला मेंदू आहे, मध्ये कागदासारखं पातळ हाड. मागच्या बाजूला मेंदूकडून रक्त आणणारी मोठी शीर जाते. आतून चेहऱ्याची नस जाते, जिच्यामुळे डोळा मिटतो, तोंड हलतं. आणि शेजारीच ऐकण्याचा आणि तोल सांभाळण्याचा भाग. पू कोणत्या बाजूला फुटेल हे आपल्या हातात नसतं, बाहेर कातडीकडे आला तर त्यातल्या त्यात नशीब. आत गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज, मेंदूत गळू, त्या शिरेत गुठळी, तोंड वाकडं होणं, कायमचा बहिरेपणा, हे सगळं होऊ शकतं. पेनिसिलिन १९४० च्या दशकात वापरात आलं, त्याच्या आधी या आजाराने मुलं दगावायची आणि कानामागचं हाड उघडून पू काढणं हे नेहमीचं ऑपरेशन होतं. हे ऑपरेशन पद्धतशीरपणे कसं करायचं ते जर्मनीच्या हर्मान श्वार्ट्झे यांनी १८७३ मध्ये मांडलं होतं, आणि आज आपण करतो त्याचा पाया तोच आहे. आता मास्टॉइडायटिस कमी झालाय तो अँटिबायोटिक आणि लसींमुळे, जंतू काही सौम्य झालेले नाहीत.

तर तुमची चूक झाली का? बघा, औषध मध्येच सोडायला नको होतं हे खरं आहे आणि पुढे ते लक्षात ठेवा. पण हे पण खरं आहे की पूर्ण कोर्स घेऊनसुद्धा काही मुलांना मास्टॉइडायटिस होतो, आणि बऱ्याच मुलांमध्ये तर आधी कानदुखीची तक्रारच नसते, पहिलं लक्षणच कानामागची सूज. त्यामुळे "मी बंद केलं म्हणून झालं" असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही आणि तुम्ही पण स्वतःला रात्रंदिवस तेच म्हणत बसू नका. कान पुढे आलेला दिसल्यावर तुम्ही वाट न बघता नाशिक गाठलंत, त्यामुळेच हे सहा दिवसांत आवरलं.

सासूबाईंनाही बोलू नका. कानापाशी सूज म्हणजे गालगुंड हे पिढ्यानपिढ्या ऐकलेलं असतं आणि पुष्कळदा ते गालगुंडच असतं. पण फरक ओळखता येतो आणि तो मी नीट लिहिते, कारण हे घरातल्या बाईलाच सगळ्यात आधी दिसणार आहे, केस विंचरताना, अंघोळ घालताना.

पोराला आपल्याकडे पाठ करून उभं करा, केस वर घ्या आणि दोन्ही कान मागून एकदम बघा. कान आणि डोकं जिथे जुळतं तिथे मागे एक खोल घडी असते, अंघोळीनंतर तिथे पाणी राहतं ना, ती. मास्टॉइडायटिसमध्ये ती घडी भरून येते, नाहीशी होते, दुसऱ्या बाजूला मात्र दिसत असते. कातडी लाल, गरम, चकचकीत दिसते, त्या उंचवट्यावर हलकं दाबलं तरी पोरगं किंचाळतं, आणि कान पुढे आणि खाली ढकललेला दिसतो. गालगुंडात सूज कानाच्या पुढे आणि खाली, जबड्याच्या कोपऱ्यावर असते, पाळी वर उचलल्यासारखी होते, मागची घडी तशीच राहते, चावताना किंवा आंबट खाल्लं की दुखतं आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना येतं. डोक्यात उवा झाल्या, खाजवून जखमा झाल्या की कानामागे वाटाण्याएवढी गाठ येते, ती बोटाखाली इकडेतिकडे सरकते आणि पोरगं आपलं खेळत असतं. आणि कानाच्या बाहेरच्या वाटेत, पडद्याच्या अलीकडे, फोड झाला असेल तर कान ओढल्यावर जीव जातो पण घडी शाबूत असते. शंका आली तर मात्र ठरवत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं, रात्र असली तर रात्री.

लेपाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की आतल्या हाडातल्या पुवाला वरून लावलेलं काहीच पोचत नाही, आणि हळदीने कातडी पिवळी झाली की खालचा लालपणा दिसत नाही, तपासणाऱ्याला पण नाही. शेकाचं पण तेच. आणि कानात तेल, मग ते लसूण तळलेलं असो की नुसतं कोमट, पडद्याला भोक असताना ते सरळ आत जातं, तर ते आता तुमच्या घरात कोणाच्याही कानात नको. मेडिकलमधून आणलेले ड्रॉप्स पण स्वतःहून नको, काही ड्रॉप्समधली औषधं पडद्याच्या भोकातून आतल्या कानात पोचली तर ऐकण्याच्या नसेला अपाय करू शकतात.

ऑपरेशन बाकी आहे का असं विचारलंय. नाही. तुम्हाला जे आधी सांगितलं होतं ते असं असतं की इंजेक्शनं चालू केल्यावर साधारण ४८ तास बघायचं, ताप उतरतोय का, सूज कमी होतेय का, रक्तातला सीआरपी, म्हणजे संसर्ग असला की वाढणारा घटक, खाली येतोय का. नाही झालं, किंवा कातडीखाली पुवाचं मोठं गळू असलं, किंवा मेंदूकडे काही चाललंय असं वाटलं तर मग कानामागे चीर देऊन ड्रिलने ते कुजके कप्पे साफ करतात. त्यात पडदा आणि ऐकण्याची तीन छोटी हाडं यांना शक्यतो हात लावत नाहीत, त्यामुळे "ऑपरेशन केलं की बहिरं होतं" हे जे गावात बोललं जातं त्यात तथ्य नाही, बहिरेपणा येतो तो पू कोंडून राहिल्याने. तुमच्या मुलीला पडद्याच्या छेदाने आणि औषधाने आराम पडला म्हणजे ती पायरी आलीच नाही. ती परत येऊ नये म्हणूनच उरलेले आठ दिवस आणि ती तपासणी.

सीटी न केल्याची पण काळजी करू नका. हा आजार मुख्यतः बघून आणि हाताने तपासून ओळखता येतो. सीटीमध्ये हाडाच्या भिंती विरघळल्यात का, गळू किती मोठं आहे, आत काही पसरलंय का ते दिसतं, पण चार वर्षांच्या मुलीला रेडिएशन द्यायचं तर त्यातून निर्णय बदलणार असला पाहिजे. पहिल्या दिवसापासून तब्येत सुधारत असेल तर थांबणारे डॉक्टर योग्यच थांबतात. पू तपासायला पाठवला होता का हे मात्र विचारा, कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि बऱ्याचदा तो डिस्चार्जच्या कागदात लागायचा राहतो. कोणता जंतू आणि कोणतं औषध लागू पडतं ते त्यात असतं, पुढे कधी गरज पडली तर तो कागद सोन्यासारखा आहे.

आता ऐकू येण्याचं. टीव्हीचा आवाज मोठा करते हे तुम्ही टिपलंत ते चांगलं केलंत. पडद्यामागे पाणी किंवा चिकट द्रव राहिला तर आवाज आत नीट पोचत नाही, कानदुखीनंतर तो काही आठवडे, कधी तीन महिनेसुद्धा राहू शकतो. नळी, म्हणजे ग्रोमेट, त्यासाठीच बसवलेली असते, त्यातून हवा आत जाते आणि द्रव सुकतो, आणि ती सहसा सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडते. त्यामुळे बहुतेक मुलांचं ऐकणं पूर्ववत होतं. पण अंदाजावर सोडायचं नाही. चार वर्षांच्या मुलीची श्रवणतपासणी छान होते, आवाज आला की डब्यात एक ठोकळा टाक असा खेळ खेळून करतात, दुखत काहीच नाही. बोलावतील तेव्हा आणि नंतर साधारण तीन महिन्यांनी परत करा, आणि दुसऱ्या कानाचीही करा. बालवाडीत जात असेल तर बाईंना सांगा की पुढे बसवा आणि तोंडाकडे बघून बोला, नाहीतर ऐकू न आल्याने गप्प बसलेलं पोर अभ्यासात मागे आहे असं ठरतं आणि तो शिक्का लवकर जात नाही, हे मला फार लागतं.

पाण्याचं सांभाळा. साबणाचं पाणी नळीतून आत जातं म्हणून केस धुताना कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानात अलगद बसवा आणि नंतर काढून टाका. विहिरीत, शेततळ्यात, कालव्यात किंवा रामकुंडावर बुडी मारणं, पोहणं तुमचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. कान परत वाहायला लागला तर बाहेर आलेलंच पुसायचं, आत बड घालायचा नाही, आणि दाखवायचं.

थंडीचं पण कोणीतरी म्हणेलच, की निफाडकडची थंडी, कानात वारं शिरलं. कानटोपी जरूर घाला, ऊब चांगलीच, पण वाऱ्याने पू होत नाही. हिवाळ्यात घरं बंद असतात, सर्दीचे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्यातून कान बिघडतो. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल किंवा पाणी तापवायच्या चुलीचा धूर आत येत असेल तर त्याने मुलांचे कान जास्त बिघडतात, ते कानटोपीपेक्षा मोठं कारण आहे.

पुढचे काही आठवडे या गोष्टी दिसल्या तर तारखेची वाट बघायची नाही: कानामागे परत सूज किंवा लाली, ताप परत येणं, जोरात डोकं दुखून उलट्या, मान ताठ होणं, उजेड सहन न होणं, उठवलं तरी गुंगीतच असणं, तोंड एका बाजूला ओढलं जाणं किंवा एक डोळा नीट न मिटणं, चालताना झोक जाणं, एकाचे दोन दिसणं, मानेत खाली गळ्याकडे सूज उतरणं. रात्री दोनला असलं तरी गाडी काढा नाहीतर १०८ ला फोन करा. तुमच्याकडून हायवेने येताना ओझरच्या पुढे आडगावला मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल लागतं, आणि नाशकात सिव्हिल आहेच, जिथे आधी ॲडमिट होती तिथे जाता आलं तर उत्तम, पण लांब पडत असेल तर जे जवळ ते.

धाकट्याला सर्दी आहे म्हणून त्याच्या कानाला होईलच असं नाही, पण दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास जास्त होतो म्हणून लक्ष ठेवा. तो सांगणार नाही, तो कान ओढेल, आडवं केलं की जास्त रडेल, दूध ओढताना मध्येच सोडून किंचाळेल. अंगावर पाजत असाल तर चालू ठेवा, बाटली असेल तर झोपवून तोंडात देऊ नका, डोकं उंच धरा. आणि त्याचं लसीकरणाचं कार्ड काढा. न्यूमोकोकल लस, पीसीव्ही, २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे, दीड महिना आणि साडेतीन महिन्याला दोन डोस आणि नऊ महिन्यांना बूस्टर. हा जंतू कानदुखी आणि मास्टॉइडायटिस दोन्हींच्या मुख्य कारणांपैकी एक आहे. आठ महिन्यांचा आहे म्हणजे बूस्टर आलाच, गोवरच्या लसीसोबतच असतो, आशाताईंना आजच विचारून ठेवा. हिब नावाच्या जंतूची लस पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांच्या एकत्र लसीतच असते, ती झाली असेल. म्हणून सर्दी झाली की लगेच अँटिबायोटिक पाजा असं मात्र करू नका, साध्या सर्दीवर ते काही करत नाही.

मोठीला मात्र वारंवार सर्दी, तोंड उघडं ठेवून झोपणं, घोरणं असं असेल तर ते तपासणीला गेल्यावर सांगा, नाकामागची ॲडेनॉइडची गाठ वाढलेली असली की कान परत परत बिघडतो.

आणि आता सासरे. तुम्ही पत्रात शेवटी एका ओळीत लिहिलंत पण मला त्यांची खरंच काळजी वाटते. हे घराण्यात नाही, नातीचं आणि त्यांचं दुखणं वेगळं आहे. तिचं आलं आणि आवरलं. त्यांचा वर्षानुवर्षं वाहणारा कान, आणि त्यात पाणी थोडं पण घाण वास येत असेल, तर पडद्याच्या कडेला कातडीची पिशवी तयार होऊन ती हळूहळू हाड खात असण्याची शक्यता असते, त्याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. तो दुखत नाही, म्हणूनच माणसं चाळीस-चाळीस वर्षं कापूस घालून काढतात, आणि मग एक दिवस चक्कर येते नाहीतर तोंड वाकडं होतं. तो गोळ्या-ड्रॉप्सने जात नाही, ऑपरेशनच लागतं. त्यांना शुगर असेल आणि कान रात्रीचा ठणकून झोपू देत नसेल तर आणखीच लवकर दाखवा, शुगरवाल्या वयस्कर माणसांमध्ये कानातला साधा वाटणारा संसर्ग कवटीच्या हाडात शिरू शकतो. पैशांची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कानाची ऑपरेशनं बसतात, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना आधी भेटा आणि कोणतं ऑपरेशन बसतं ते तिथेच विचारून घ्या.

तपासणीच्या दिवशी डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट आणि औषधाची बाटली सोबत घ्या, टीव्हीचा आवाज, घोरणं, जुलाब हे सगळं कागदावर लिहून न्या कारण आत गेल्यावर निम्मं विसरायला होतं. बागेतून मिस्टरांना निघता येणार नसेल तर तुम्ही आणि सासूबाई सकाळच्या एसटीने निघा, ओपीडी सकाळीच असते. सासऱ्यांना पण त्याच दिवशी बरोबर घ्या, दोघांचे केसपेपर एकदमच काढता येतील.